सतराव्या प्रश्नाचा उन्हाळा

मार्च उतरणीला लागला की लालबागच्या मिरची गल्लीत पाऊल टाकताच मला ओळीने सात शिंका येतात. आठवी कधीच येत नाही. आमच्या नेहमीच्या दुकानातली बाई मला चेहऱ्यावरून नाही, शिंकांवरून ओळखते. यंदाही मी नाकाला रुमाल लावून पोचले तर ती आतूनच म्हणाली, "या सामंत बाई, सात झाल्या, आता बसा." समोर बेडगीचा ढीग, बाजूला काश्मिरी, पलीकडे लवंगी, आणि मागच्या अंगाला मसाला कुटायचा डंक चालू. धप, धप, धप. त्या ठोक्यांनी पायाखालची लादी हलते आणि भाजक्या धण्यांचा वास थेट घशात उतरतो. खरं तर मसाल्यासाठी फणसवाडीहून इतकं लांब यायचं काही कारण नाही. पण अठ्ठावीस वर्षं मी इथून दोन गल्ल्या मागे असलेल्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि तेव्हापासून घरचा मसाला इथलाच.

शिंका ओसरल्या, डोळे पुसले, आणि दरवर्षी होतं तेच झालं. तो उन्हाळा आठवला. निवृत्तीच्या आधीचा माझा शेवटून तिसरा उन्हाळा. आधीच सांगून टाकते, तो उन्हाळा आम्ही जिंकला होता. म्हणजे जिंकली माझी नववी क. पण माझ्या वाट्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही, तेवढी मोठ्या मनाची मी नाही.

आमच्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या. अ म्हणजे हुशार, ब म्हणजे बरी, आणि क. क तुकडीला तोंडावर कुणी ढ म्हणत नसे. "जरा मेहनत घ्यावी लागेल अशी मुलं" म्हणत. म्हणजे तेच, फक्त चहा पिता पिता म्हटलेलं. पोरांनाही ते ठाऊक. वर्गात काही विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "बाई, आम्ही क वाले. आम्हाला कशाला विचारता? अ मध्ये जा ना." कुणी बीडीडी चाळीतलं, कुणी परळच्या जुन्या गिरणी कामगारांच्या खोल्यांमधलं, दोघं-तिघं अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून बस पकडून येणारी. घोकायला सांगितलं की माना टाकायची. पण वर्गातला पंखा बिघडला की चार जण न सांगता बाकावर चढून तो चालू करायची. मी ते बघायचे आणि मला राग यायचा. मुलांचा नाही, आमच्या प्रश्नपत्रिकांचा. पंखा चालू करणाऱ्या डोक्याला त्यात एक गुण मिळायची सोय नव्हती.

त्या वर्षी आमच्या संस्थेच्या मनात आलं की विज्ञान-साक्षरतेची एक चाचणी करावी. संस्थेच्या पाचही शाळांतल्या नववीसाठी, भौतिकशास्त्राची. व्याख्या विचारायची नाही, सूत्र विचारायचं नाही. रोजच्या जगण्यात समोर येणारी गोष्ट द्यायची, एखादा तक्ता द्यायचा, एखादी जाहिरात द्यायची, आणि पोराला त्यातलं विज्ञान दिसतं का ते बघायचं. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. करायला तिघे बसलो. मी, दादरचे दीक्षित सर आणि परेरा सर.

दीक्षित सर म्हणजे पेपर काढण्यातला मोठा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांनी काढलेल्या पेपरात कधी काना-मात्रा चुकला नाही आणि त्यांनी केलेल्या उत्तरसूचीवर कधी कुणी बोट ठेवलं नाही. परेरा सर त्यांच्या अगदी उलटे. दादरलाच चर्चच्या मागे घर, मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या काढलेली, मराठी आमच्याहून ठसकेबाज. गणिताचे शिक्षक, आकड्यांचं काम त्यांच्याकडे. "बाई, तुम्ही प्रश्न काढा. तो प्रश्न शहाणा हाय की येडा, ते मी आकड्यांवरून सांगतो," असं पहिल्याच शनिवारी त्यांनी मला सांगितलं. बैठका दीक्षित सरांच्या घरी, पाचव्या मजल्यावर, स्लायडिंगच्या खिडक्या लावून, एसीत. वहिनी कैरीचं पन्हं द्यायच्या. त्या पन्ह्यातली वेलची अजून जिभेवर आहे.

आता त्या चाचणीवर काय टांगलेलं होतं ते सांगते. संस्थेत दुसरा एक ठराव शिजत होता. क तुकडीचे दहावीतले प्रयोगाचे तास बंद करायचे. ते तास अ तुकडीला द्यायचे, आणि क कडून तेवढ्या वेळात अपेक्षित प्रश्नांची उत्तरं पाठ करून घ्यायची, म्हणजे निदान पास तरी होतील. मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "ही मुलं हातानं शिकतात. तुम्ही त्यांचे हातच बांधताय." आवाज चढला होता. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सामंत बाई, तुमचीच चाचणी होणार आहे ना? क तुकडीची सरासरी निम्म्यावर आली तर तास राहतील. नाही आली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी हो म्हटलं. घरी येऊन डोकं धरून बसले. चाचणी काढणारी मी, आणि पैज लावणारीही मीच. प्रश्न सोपे केले तर बेइमानी, अवघड केले तर मुलांचा गळा.

पण काय सांगू, ते दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुंदर. मला जिकडेतिकडे प्रश्न दिसायला लागले. फणसवाडीच्या तोंडाशी हातगाडीवाला उतारावर गाडीच्या पुढे न राहता मागे का जातो? गोळेवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतो ती बर्फ गरम व्हावा म्हणून का? कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बारीक केला तर आतली डाळ शिजायची थांबते का? मिरची गल्लीत दुकान तीन घरं पुढे असताना शिंक इथेच का येते? मी बसमध्ये तिकिटाच्या मागे लिहायचे, भाजीच्या पिशवीवर लिहायचे. घरचे म्हणायचे, "वेड लागलंय तुला." लागलंच होतं.

आणि चुकीचे पर्याय! अशा चाचणीत खरी कला बरोबर उत्तरात नसते, चुकीच्या उत्तरांत असते. ते मनाने रचून चालत नाही. मुलं खरोखर कुठे चुकतात ते ऐकावं लागतं. म्हणून मधल्या सुट्टीत मी क तुकडीत जाऊन बसायचे आणि त्यांना बोलतं करायचे. बर्फाचं विचारलं तर एक जण म्हणाला, "गोणपाटाने बर्फाला ऊब येते, बाई, लवकर वितळतो." झाला पर्याय अ. तांब्याच्या कड्याने सांधेदुखी जाते अशी जाहिरात दाखवली आणि विचारलं, हे खरं की खोटं कसं ठरवाल? एक म्हणाली, "माझी आजी घालते, म्हणजे खरंच." पर्याय ब. तेवढ्यात खिडकीजवळून एक आवाज आला, "तुझी आजी रात्री गोळीपण घेते ना गो? मग कशाने गेली ते कसं कळणार?"

ती मनाली घाडी. बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. सहामाहीला विज्ञानात चाळीसपैकी अकरा. मी तिच्याकडे बघतच राहिले. जे समजायला लोकांना पदव्या लागतात ते ही पोरगी डबा खाता खाता बोलून गेली, आणि आमच्या दफ्तरी ती अकरा गुणांची. त्या दिवशी वर्गाबाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

सतरावा प्रश्न दीक्षित सरांचा. साधा होता. एकाच मापाचे, सारखेच ओले चार टॉवेल चार जागी वाळत घातले. तक्त्यात प्रत्येक जागेचं तापमान आणि वारा दिला होता. एक जागा म्हणजे न्हाणीघर. दुसरी, बंद कपाटासारखी अंधारी खोली. तिसरी, पत्र्याखालची तापलेली खोली, दारं-खिडक्या बंद, तापमान अडतीस अंश, वारा नाही. चौथी, सावलीतला पॅसेज, दोन्ही टोकं उघडी, तापमान एकतीस, वारा भरपूर. टॉवेल कुठे आधी सुकेल?

"पत्र्याखाली," दीक्षित सर म्हणाले. "तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढतं. वारा हा फसवा पर्याय. मुलं तक्ता नीट वाचतात का, ते कळेल."

परेरा सर कान खाजवत म्हणाले, "वाऱ्यानंपण सुकतं ना पण?"

"सात अंशांचा फरक आहे, परेरा."

मीही विचार केला. सात अंश म्हणजे बरेच. बाहेर ऊन रणरणत होतं, आत एसी होता, पन्हं गार होतं. शेवटी मतं घेतली. दोन विरुद्ध एक. दुसरं मत माझं होतं. पंचवीस वर्षं पोरांना "करून बघा, करून बघा" म्हणून ओरडणारी मी, आणि टॉवेल कुठे सुकतो याचा निकाल मी हात वर करून लावला! हे लिहिताना आजही कान तापतात.

वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिलात, चाचणी झाली. निकालाआधीचे ते रिकामे दिवस शाळेत फार छान असतात. फळ्यावर तारीख बदललेली नसते, मैदानात कुणी कुणाला ओरडत नाही. क तुकडीची मुलं आधी हसत बसली. मग दोन-तीन प्रश्न झाले आणि वर्ग एकदम शांत झाला. पेनं थांबत होती, मान वर जात होती, ओठ हलत होते. कुणी हवेत हात फिरवून काहीतरी ढकलल्यासारखं करत होतं, बहुतेक हातगाडी. माझ्या तुकडीला पेपर समोर ठेवून विचार करताना मी पहिल्यांदा बघत होते. निम्म्या वेळात पेपर देऊन पळणारी पोरं शेवटच्या घंटेपर्यंत बसली. जाताना एक म्हणाला, "बाई, हा पेपर लय भारी होता. पाठ केलेलं काय नव्हतंच." त्याच्या दृष्टीने ती तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

आणि सरासरी आली एकोणीस पूर्णांक तीन. हवी होती वीस.

परेरा सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी गॅलरीत उभी होते. खाली फणसवाडीतल्या देवळाची आरती चालली होती. "बाई, ऐकताय ना?" सर म्हणाले. "एक गंमत हाय. सतरावा प्रश्न. अ तुकडीनं जवळपास सगळ्यांनी पत्र्याची खोली लिवलीय. तुमच्या क नं जवळपास सगळ्यांनी पॅसेज. चार-पाच पोरं सोडली तर सगळ्यांनी. एकेकजण चुकतो तेव्हा चार दिशांना चुकतो. अख्खा वर्ग एकाच दिशेला चुकला तर एक तर कॉपी झालीय, नायतर आपण येडे."

कॉपी झाली नव्हती, मीच पहाऱ्याला होते. म्हणजे दुसरं उरलं.

दुसऱ्या दिवशी मनालीला बोलावलं. विचारलं, सतराव्याला पॅसेज का लिहिलंस?

ती घाबरली. "चुकलं काय?"

"तू का लिहिलंस ते सांग."

"बाई, आमच्या चाळीत मधून लांबलचक पॅसेज आहे ना, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन येतच नाय तिथे. पण वारा असा येतो की दारावरचं तोरण उडतं. आई कपडे तिथेच घालते. घरात घातले की संध्याकाळपर्यंत ओले, आणि वास मारतात. शाळेचा ड्रेस एकच आहे. तो अर्ध्या तासात सुकला पाहिजे, नायतर मी येणार कशी?" मग जरा थांबून म्हणाली, "वारा नसला की ओलं तिथल्या तिथेच बसतं. हलतच नाय."

वारा नसला की ओलं तिथल्या तिथेच बसतं! बाष्पाने भरलेली हवा पृष्ठभागालगत साचून राहते, हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेन. आणि पन्ह्याच्या पेल्यासमोर बसून विसरले.

मी तशीच उठून दादरला गेले. दीक्षित सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "बाई, असा वादाचा प्रश्न काढून टाकायची पद्धत आहे. काढून टाकू." मी हिशेब करून गेले होते. प्रश्न काढला तरी क तुकडी निम्म्याच्या खालीच राहत होती. "काढायचा नाही," मी म्हटलं. "ती बरोबर असतील तर त्यांना त्यांचा गुण मिळाला पाहिजे. आपण चुकलो म्हणून त्यांचं बरोबर उत्तर केराच्या टोपलीत टाकणार?"

"ती बरोबर आहेत हे कशावरून?"

"आणि आपण बरोबर आहोत हे कशावरून? मतं घेतली म्हणून?"

वहिनी आतून डोकावून गेल्या. मग सरांनी लाल पेन खिशातून काढलं, परत ठेवलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या करून बघू. थर्मामीटर मी आणतो."

त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर काय काय बोलले असेन, पण त्या एका वाक्यासाठी त्यांना सात खून माफ.

आमच्या शाळेच्या गच्चीवर पत्र्याची एक अडगळीची खोली होती. तुटकी बाकं, जुने नकाशे, स्नेहसंमेलनाचे मुकुट. तिच्या खालच्याच मजल्यावर पॅसेज, दोन्हीकडून उघडा. मी एकाच ठाणातले दोन नॅपकिन आणले. परेरा सरांनी घरून वजनकाटा आणला, त्यांच्या मिसेसचा, केकचं सामान तोलायचा. "मैदा सांडलाय त्याच्यावर, पुसून घ्या, नायतर माझा प्रयोग घरी होईल," म्हणाले. दोन्ही नॅपकिन भिजवून, पिळून, वजन अगदी सारखं येईपर्यंत थेंब थेंब पाणी घातलं. क तुकडीची निम्मी पोरं निकालाची वाट बघायची सोडून जिन्यात गोळा झाली होती. अ तुकडीतलेही चार-पाच आले. पॅसेजमधला नॅपकिन दोरीवर चढला आणि फडफडायला लागला.

दीक्षित सर म्हणाले, खोलीचं दार कुणी उघडता कामा नये, मी स्वतः आत बसतो. आम्ही म्हटलं, अहो सर, भट्टी आहे ती. ऐकतील तर शपथ. आत गेले आणि दार लावून घेतलं.

अर्ध्या अर्ध्या तासाने वजन. पॅसेजमधला नॅपकिन हलका होत चालला. खोलीतला नॅपकिन सर दाराच्या फटीतून बाहेर द्यायचे, आम्ही तोलून परत करायचो. तो आपला जडच्या जड. पोरांनी आकडे खडूने भिंतीवर लिहायला सुरुवात केली. मी ओरडणार होते, मग गप्प बसले. दुपारी एकच्या सुमाराला पॅसेजमधला नॅपकिन कोरडा खडखडीत झाला, आणि खोलीचं दार उघडून दीक्षित सर बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावर वाफ. हातात नॅपकिन, ओलसर. मनालीच्या तोंडून निघून गेलं, "सर, पॅसेजमध्ये उभे राहा. तुम्हीपण इथेच सुकाल."

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, गेलं सगळं. दीक्षित सर तिच्याकडे बघत राहिले. मग खरोखरच चार पावलं चालून पॅसेजच्या मधोमध उभे राहिले, हात जरासे पसरून. वारा आला. शर्टाची बाही अंगापासून सुटली आणि हलली. सर एकदम हसायला लागले. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते, दात पहिल्यांदा बघितले.

तरी माणूस शेवटी दीक्षित सर. हसू आवरल्यावर म्हणाले, "माझ्या घामाने खोलीतलं बाष्प वाढलं असणार. हा प्रयोग धरता येणार नाही. उद्या मी नसताना पुन्हा करा." आणि पोरं चक्क म्हणाली, "बरोबर आहे सर." कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावून, रिकामी ठेवून, पुन्हा केलं. जागांची नावं मुलांनी वहीत लिहिली, वेळा लिहिल्या, आकडे लिहिले. ज्या मुलांच्या प्रयोगवह्या मला वर्षभर मागून मिळाल्या नव्हत्या, ती मुलं उन्हात गच्चीच्या पायरीवर बसून रकाने आखत होती. निकाल तोच. पॅसेज.

आता बीडीडीतल्या पुष्कळ जणांना नव्या टॉवरात घरं मिळाली आहेत. मनालीही तिथे गेली. ती डिप्लोमा करून एका कंपनीत लागली आहे, एसीच्या डक्टमधली हवा कुठून कुठे न्यायची त्याची आखणी करते. मागच्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा सांगत होती, "बाई, बाविसावा मजला, लिफ्ट, सगळं मस्त. पण पॅसेजला दोन्हीकडे दारं लावलीत, वाराच नाय. आईचे कपडे सुकेनात. मी मोजून बघितलं आणि सोसायटीला अर्ज दिला, आकड्यांसकट." अर्जाचं काय झालं ते मी विचारलं. म्हणाली, "त्यांनी मतदान घ्यायचं ठरवलंय." मी इतकी हसले की वाटीतला चिवडा सांडला.

मी कधी कधी विचार करते, आपण मुलांचं ज्ञान मोजायला निघतो म्हणजे नेमकं काय करतो? आपल्याला जे ठाऊक आहे तेवढंच त्यांना ठाऊक आहे का, ते बघतो. त्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, असं काही असू शकेल याची आपल्या कागदावर जागाच नसते. ज्या मुलीचं शाळेत येणं-न येणं एका गणवेशाच्या सुकण्यावर आहे, तिच्याइतका बाष्पीभवनाचा अभ्यास मी कधी केला होता? माझ्याकडे पाच ड्रेस होते.

तर त्या उन्हाळ्यात परेरा सरांनी उत्तरसूची बदलून पाचही शाळांची बेरीज पुन्हा मांडली. रविवारची संध्याकाळ होती. ते थेट फणसवाडीतच आले, हातात केकचा डबा. दारातच म्हणाले, "वीसला टेकली, बाई. टेकली आणि केसभर पुढे गेली." केसभर! मला तो केस पुरे होता. मी परेरा सरांना आत घ्यायचं विसरून दारातच टाळ्या वाजवत उभी राहिले. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाचं लग्न ठरलं?

सोमवारी दीक्षित सर स्वतः आमच्या शाळेत आले. पांढरा शर्ट, दोन पेनं. मुख्याध्यापिकांना म्हणाले, मला क तुकडीसमोर बोलायचं आहे. मुलं उभी राहिली. सर म्हणाले, "बसा. आधी एक. तुमचे दहावीतले प्रयोगाचे तास राहिले आहेत."

मग जे झालं त्याला गोंगाट हा शब्द अपुरा आहे. बाकं बडवली, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी कुणाला उचललं. खालच्या मजल्यावरची मुलं काय झालं म्हणून धावत वर आली. मी नेहमीसारखी "ए, गप्प" म्हणून ओरडलेच नाही. मी पण टेबल वाजवत होते.

सर थांबले. सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "दुसरं. सतराव्या प्रश्नाची उत्तरसूची चुकीची होती. ती मी केली होती. तुम्ही बरोबर होता."

वर्ग गारठला. शिक्षकाने असं म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या वयाची होते तेव्हा मीही ऐकलं नव्हतं. कुठे बघावं ते कुणाला कळेना. आणि तेवढ्यात खिडकीजवळून, अगदी नम्र आवाजात, "सर, नुसतं उत्तर नको. कारण द्या. दोन मार्कांचं आहे."

दीक्षित सरांनी एक क्षण खिडकीकडे पाहिलं. मग वळले, खडू उचलला आणि आपल्या त्या वळणदार, एकसारख्या अक्षरात फळ्यावर लिहिलं: "कारण, मी प्रयोग न करता उत्तर ठरवले." शेवटी पूर्णविराम दिला. खडू मनालीसमोर धरला.

मनाली उठली. सुटलेली वेणी मागे टाकली, पुढे आली, वाक्य वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं. मग त्याच्यापुढे भलीमोठी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, दोनपैकी दोन.

सरांनी ते वाचलं. मान किंचित झुकवली आणि त्या चौदा वर्षांच्या पोरीला म्हणाले, "आभारी आहे, बाई."